तुळशीची उघडी बाजू

चिमूट हे प्लगइन कामाला चोख होतं, त्यात वाद नाही. वेबसाइटच्या एका टोकाला सोडलं की एकेक फोल्डर उघडून आतले फोटो हलके करत जायचं आणि शेवटी सांगायचं, अमुक फोल्डर झाले, अमुक वगळले. कुमुदबाई ढवळ्यांचं घोडं अडलं होतं ते या वगळलेल्यांपाशी. पुन्हा पुन्हा चालवलं तरी तेच. गौडगाव, आगळगाव, पानगाव, मळेगाव. या चार गावांच्या फोल्डरांवरून चिमूट सरळ पुढं निघून जायचं. का वगळले, तेवढं सांगायला मात्र त्याची जीभ रेटत नव्हती.

कुमुदबाई बार्शीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. संगणकाशी त्यांचं नातं जेवढ्यास तेवढं. पण वेळच तशी आली होती. साइट ज्यांच्या सर्व्हरवर होती त्यांची नोटीस आली होती, की सोमवारपर्यंत 'गोंदण' ही तुमची साइट ठरलेल्या भाराच्या आत आणा, नाहीतर आम्ही ती बंद करू.

हा भाराचा जाच अलीकडचा. जगभरचे फोटो सांभाळणाऱ्या यंत्रशाळांनी इतकी वीज खाल्ली आणि थंड राहायला इतकं पाणी प्यायलं, की शेवटी सरकारांनी दांडकं उगारलं. प्रत्येक साइटला वजनाची मर्यादा आली. मोठ्यांनी आपापल्या वाटा काढल्या, हौशी लोकांच्या वाट्याला सगळ्यात कमी भार आला, आणि यंदा तर तोही आणखी खाली आणला.

'गोंदण' ही हौशी माणसांचीच साइट. तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायांच्या हातावरची, हनुवटीवरची, पोटरीवरची हिरवी गोंदणं, गावागणिक फोल्डर आणि बाईगणिक फोटो. त्यातल्या बहुतेक बाया आता हयात नव्हत्या. बाकी सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं आपल्यासंगं येतं, असं त्या म्हणायच्या. झालंही तसंच. गोंदणं त्यांच्याबरोबर गेली आणि मागे फोटो राहिले.

हे काम कुमुदबाईंनी एकटीनं केलं नव्हतं. त्याच शाळेतले विज्ञानाचे विद्याधर माढेकर सर बरोबर होते. कॅमेरा सरांचा, गाडी सरांची, साइटही सरांनीच बांधलेली. पण परक्या पुरुषापुढं दंडावरचा पदर कुठली म्हातारी बाजूला करणार? म्हणून बाई आधी आत जायच्या. चुलीपाशी बसायच्या, चहा घ्यायच्या, लेकीसुनांची चौकशी करायच्या, 'आई, दाखवा की' म्हणत म्हातारीचा हात हातात घ्यायच्या, आणि मग दाराकडं हाक मारायच्या, "सर, या आता." पुढं सरांचा गुडघा कुरकुरायला लागला. तेव्हा राहिलेली गावं बाईंनी एकटीनं पालथी घातली, एसटीनं जाऊन, आपल्या फोनवर फोटो काढून. वैराग, पांगरी, उपळाई, अशी कितीतरी. फोनमधली जागा संपली की फोटो सरांकडे पाठवायचे आणि फोनमधून पुसून टाकायचे. "साइटवर आहेत ना, मग घरात आणखी प्रती कशाला," असं सर म्हणायचे, आणि सर म्हणतात म्हणजे ते तसंच असणार.

वगळलेल्या गावांचं बाईंनी सरांना गेल्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं.

"राहू द्या बाई, मी बघतो," सर म्हणाले होते. "तुम्ही कशाला डोकं शिणवता?"

सरांनी 'बघतो' म्हटलं की काम झालं, असं बाई वर्षानुवर्षं धरून चालल्या होत्या. या खेपेला आठवडा गेला, सोमवार तोंडावर आला, तेव्हा शनिवारी सकाळी त्यांनी स्वतःच पदर खोचला.

आधी त्यांना वाटलं, फोल्डरांची नावं मराठीत आहेत म्हणून चिमूट बिचकत असेल. पण वैरागही मराठीतच लिहिलेलं होतं आणि तिथं काही अडलं नव्हतं. मग वाटलं, सरांच्या मोठ्या कॅमेऱ्यातले फोटो आहेत, यंत्राला झेपत नसतील. म्हणून त्यांनी गौडगावच्या एका फोटोची प्रत काढून वैरागच्या फोल्डरात टाकली. तिथं चिमूटनं ती मुकाट हलकी केली. म्हणजे खोट फोटोत नव्हती, फोल्डरातच काहीतरी होतं. एवढं शोधून काढल्याचा त्यांना जरा अभिमानच वाटला, आणि त्याच भरात त्यांनी चिमूटच्या मदत केंद्राला फोन लावला.

"मी शलाका बोलतेय, मॅडम," पलीकडची मुलगी म्हणाली. सगळं ऐकून घेऊन तिनं सांगितलं, "वर 'लपलेल्या फाइली दाखवा' असं येतंय बघा. ते चालू करा आणि मग गौडगाव उघडा."

उघडलं. म्हाताऱ्यांच्या नावांच्या वर एक फाइल दिसायला लागली. आत काहीच नव्हतं, नुसतं नाव होतं: हात-नको. आगळगावात तशीच, पानगावात तशीच, मळेगावातही.

"मग हा बिघाड नाहीये, मॅडम. आम्हीच दिलेली सोय आहे ती. ज्या फोल्डराला हात लावू नये असं वाटतं, तिथं ही रिकामी फाइल ठेवायची. चिमूट दारातूनच मागं फिरतं."

"मी नाही ठेवली."

"कुणीतरी ठेवलीय. शेजारी तारीख असेल."

तारीख गेल्या दिवाळीच्या सुमाराची होती, साइटवर चिमूट बसवलं त्याच्या आदल्या दिवसाची. बसवलं होतं सरांनी. साइटच्या किल्ल्या होत्या दोघांकडेच.

"पण असं कोण कशाला करेल?" बाईंनी विचारलं. "फोटो नुसते हलके तर होतात. उलट पहिल्यापेक्षा स्वच्छ दिसतात, सगळे म्हणतात तसं."

शाळेत फळ्यापाशी उभं राहून सांगावं तसं शलाकानं सावकाश सांगितलं. "चिमूट फोटो दाबून लहान करत नाही, मॅडम. फोटो टाकूनच देतं. आमच्याकडे एक मोठं सामाईक स्मरण आहे, कोट्यवधी फोटो पाहिलेलं. ते तुमच्या फोटोची फक्त खूण ठेवतं. म्हातारा हात, हिरव्या बांगड्या, तुळशीचं गोंदण, उजेड डावीकडून. चार ओळींत मावेल एवढी. मूळ फोटो महिनाभर राखून पुसला जातो. पुढं कुणी फोटो उघडला, की त्या खुणेवरून स्मरण तो नव्यानं रंगवतं. त्या रंगवण्याला लागणारी वीज मात्र साइटच्या भारात धरतात. बघणाऱ्याला काही कळत नाही, कारण डोंगर असो, घर असो, लग्नाची पंगत असो, जे नेहमीसारखं असतं ते बरोबर येतं."

"आणि जे नेहमीसारखं नसतं ते?"

"ते नेहमीसारखं होतं, मॅडम. माहितीपत्रकात लिहिलंय सगळं. बसवताना वाचलं असेल ना कुणीतरी."

वाचलं होतं कुणीतरी. फोन ठेवून बाईंनी वैरागचा फोल्डर उघडला. वैराग त्यांचं माहेर, आणि तिथला पहिला फोटो त्यांच्या आईचा.

आईच्या उजव्या हातावर तुळशीचं वृंदावन गोंदलेलं होतं, आणि त्याला एक बाजू नव्हती. लहानपणी गोंदणारीण दारात बसली, सुई टोचायला लागली, आणि शेवटची बाजू राहिली असताना आई तिच्या हाताला कडकडून चावून पळाली ती थेट शेतात. त्यानंतर गोंदणारणीनं तिला काही केल्या हात लावला नाही. "माझ्या तुळशीला एक भिंत कमी हाय," आई आयुष्यभर हसत सांगायची. "वर गेल्यावर घेईन पुरी करून." कुमुद लहान असताना त्या उघड्या बाजूवर बोट ठेवून झोपायची. शेवटी दवाखान्यात आई ओळख विसरली, तेव्हाही ती बाजू तिथंच होती आणि कुमुदबाईंचं बोटही.

फोटोत वृंदावन पुरं होतं. चारी बाजू सरळ, ठसठशीत, शाईचा रंगही अगदी जुना. चाव्याची, पळण्याची, सत्तर वर्षांच्या हसण्याची ती जागा यंत्रानं व्यवस्थित बुजवून टाकली होती. हात आईचाच वाटत होता आणि आईचा नव्हता. मूळ फोटोचा महिना केव्हाच उलटून गेला होता.

बाईंना आधी रडू आलं नाही. आधी सरांचं बोलणं आठवलं. चिमूट बसवल्याच्या दिवशी सर याच खुर्चीत बसले होते, पुढ्यातला चिवडा खात, आणि म्हणाले होते, "डोळे झाकून चालवा, बाई." त्याच्या आदल्या दिवशी ते आपल्या गावांच्या दारांवर हात-नको लावून आले होते.

"फसवलं मला," बाई मोठ्यानं म्हणाल्या. घरात कुणी नव्हतं, म्हणून पुन्हा एकदा म्हणाल्या.

दुपारी त्या सरांच्या घरी गेल्या. सरांची बायको, शैलावहिनी, नेहमीसारख्या हसून आत चहा टाकायला गेल्या. सर ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. बाईंनी प्रस्तावना केली नाही.

"सर, हात-नको तुम्ही ठेवलंत?"

सरांनी तेलाची बाटली बंद केली. नाही म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं असावं, पण बाईंचा चेहरा बघून ते मागं गेलं. "हो," ते म्हणाले. "मी सांगणारच होतो तुम्हाला."

"कधी?"

"ऐका तरी. तेव्हाच्या भारात दोघांपैकी एकाचेच मूळ फोटो बसत होते. माझे फोटो चांगल्या कॅमेऱ्याचे. तुमचे फोनवरचे, कुठं हललेले, कुठं अंधारातले. आणि ते पुण्याचं संग्रहालय मागे लागलं होतं. हल्ली कुणीही बसल्या जागी फोटो बनवतं, म्हणून त्यांना मूळपणाचा शिक्का लागतो. जो फोटो सर्व्हरवर चढल्यापासून तिथून हललेला नाही आणि यंत्राने ज्याला स्पर्श केलेला नाही, त्यालाच तो मिळतो. घरच्या प्रती त्यांना चालत नाहीत. मग काय करणार मी? काहीतरी तरी वाचवायला हवं होतं ना?"

"विचारायचं होतं मला."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"नसते म्हणाले," कुमुदबाई म्हणाल्या. "अर्धे तुमचे ठेवले असते, अर्धे माझे. माझा एकच ठेवा म्हणाले असते, सर. आईचा. बाकी सगळे तुमचे ठेवले असते मी. तुम्हाला ठाऊक होतं ते. इतकी वर्षं बरोबर फिरलात, एवढं तरी कळलं असेल माझं."

सर खाली बघत पुटपुटल्यासारखे म्हणाले, "तुमच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं. दिसायला तर छानच दिसतात."

झालं. एवढं एक वाक्य बोलले नसते तर कदाचित बाई थोडा वेळ आणखी बसल्या असत्या. ज्या बाईनं दारोदार जाऊन त्यांच्यासाठी म्हाताऱ्यांचे हात धरले, तिला आपल्या आईचा हात ओळखू येणार नाही असं या माणसाला वाटलं होतं. शैलावहिनी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा बाई पायऱ्या उतरत होत्या.

"अहो बाई, चहा तरी घ्या."

"नको, वहिनी. तुमच्यावर राग नाही माझा," बाई म्हणाल्या आणि फाटक लावून निघाल्या.

रविवारी सकाळी उठल्या उठल्या त्यांना पांगरीची वृषाली आठवली. या पोरीनं गेल्या महिन्यात साइटवरून आपल्या पणजीच्या हातावरचा विंचू आणि पाळणा उतरवून घेतला होता, बार्शीत गोंदवून घेतला होता, आणि कौतुकानं हाताचा फोटो बाईंना पाठवला होता. लग्नाआधी पणजी हातावर पाहिजे, म्हणाली होती. सांगावं की झाकून ठेवावं? सरांनी झाकून ठेवलं होतं. बाईंनी फोन लावला.

वृषालीनं सगळं ऐकून घेतलं. मधेच एकदा "थांबा जरा" म्हणाली, बहुतेक बाहेर उजेडात जाऊन हात बघत असावी.

"म्हणजे पणजीचा विंचू असा नव्हता?"

"कसा होता ते मला आठवत नाही गं. वाकडा होता एवढं आठवतंय. हा सरळ आहे."

"मग हे माझ्या हातावर कुणाचं आहे, बाई?"

"कुणाचंच नाही," कुमुदबाई म्हणाल्या.

मग वृषाली शांतपणे म्हणाली, "साइटवरून काढून टाका ते. आणखी कुणी हातावर घेईल." आणि तिनं फोन ठेवला. ती ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

दुपारी त्या संगणकापुढं बसल्या. उद्या सोमवार. भार उतरवायला दोनच वाटा होत्या. पहिली अगदी सोपी. त्या चार गावांमधून हात-नको उचलायचं आणि चिमूट सोडायचं. अर्ध्या तासात सरांचे फोटोही गुळगुळीत झाले असते आणि संग्रहालयाचा शिक्का गेला असता मसणात. महिनाभर मूळ फोटो राखले जातात खरे, पण चिमूट हाताळून गेलं की शिक्का गेला तो गेला. मनात पाप आलं हे बाईंनी स्वतःपाशी नाकारलं नाही. ते कालपासूनच आलं होतं, आणि गोडही लागत होतं.

त्यांनी गौडगाव उघडलं. बोट हात-नकोवर गेलं. पुसायचं का, असं यंत्रानं विचारलं. पुसण्याआधी एकदा बघावं म्हणून त्यांनी पहिला फोटो उघडला.

सुंदराबाईचा दंड होता, त्यावर मोर, आणि सुरकुत्यांमुळं मोराची मान मोडलेली. आणि तो दंड खालून सावरून धरलेला एक दुसरा हात होता. नखांत निळा रंग बसलेला, बोटात साधी अंगठी. कुमुदबाईंनी आपला हात ओळखला. त्या सकाळी शाळेत रंगकामाचा तास घेऊन त्या तशाच निघाल्या होत्या. त्यांनी दुसरा फोटो उघडला, तिसरा उघडला. प्रत्येक म्हातारीच्या मनगटाखाली, कोपराखाली त्यांचाच हात. सरांनी कड कापताना तो तसाच राहू दिला होता, किंवा कापायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. साइटवर कुमुदबाईंचं खरं म्हणावं असं एवढंच उरलं होतं, आणि ते सरांच्या फोल्डरांत होतं.

नाही, असं त्यांनी यंत्राला सांगितलं.

मग दुसरी वाट: आपल्याच गावांच्या रंगवण्याचा भार काढून टाकायचा. त्यांनी वैराग उघडलं, पांगरी उघडलं, उपळाई उघडलं, आपली सगळी गावं उघडली, आणि एकेक फोटो पुसायला घेतला. खुणाही काढल्या, म्हणजे स्मरणाला पुन्हा रंगवता येऊ नये. प्रत्येक बाईचं नाव आणि गाव तेवढं ठेवलं, आणि खाली लिहिलं: हिचं गोंदण आमच्याकडून हरवलं. काही बायांचं काहीतरी आठवत होतं. एकीचा चंद्र, एकीच्या कपाळावरची टिकली. पण नक्की आठवत नव्हतं, आणि अंदाजानं भरायला यंत्र होतंच की. बाईंनी काही भरलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात चालू होता.

मधे सरांचा फोन आला. भार कमी होतोय हे त्यांना तिकडं दिसत असणार. बाईंनी उचलला.

"बाई, तुम्ही माझी गावं..."

"तुमची गावं आहेत तशी आहेत."

सरांनी सुटकेचा श्वास सोडला, तो फोनमधून स्पष्ट ऐकू आला. "तुमचं मन मोठं आहे, बाई. मला खात्री होती."

"मन मोठं नाही माझं. तुमच्यासाठी केलं नाही मी हे. त्या म्हाताऱ्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, म्हणून केलं. आणि सर, संग्रहालयवाले आले की त्यांना सांगा, फोटोत तो दुसरा हात कुणाचा आहे ते. एवढं तरी खरं सांगा. पुन्हा मला फोन करू नका."

त्या दिवसानंतर दोघं बोलले नाहीत.

आईचा फोटो त्यांनी शेवटी ठेवला होता. तोही पुसला. मग कपाटातून चित्रकलेचा कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि आईचा हात काढायला बसल्या. बाकी म्हाताऱ्यांचं ठाऊक नव्हतं, पण हा हात त्यांना डोळे मिटूनही काढता आला असता. मनगटाचं हाड, काचेच्या बांगड्या, सैल पडलेली कातडी, तिच्यावर वृंदावन. तीन बाजू काढल्या, चौथीच्या जागी पेन्सिल उचलली आणि कागदावर बोट ठेवून थोडा वेळ तशाच बसून राहिल्या.

चित्राचा फोटो काढून त्यांनी तो 'आई' नावाच्या नव्या फोल्डरात ठेवला. शेजारी एक रिकामी फाइल बनवली, नाव दिलं हात-नको, आणि चिमूट सोडलं.

थोड्या वेळानं चिमूटनं कळवलं की साइट भारात बसली आहे. खाली वगळलेल्या फोल्डरांची नावं होती: गौडगाव, आगळगाव, पानगाव, मळेगाव, आई. या खेपेला कुमुदबाईंनी तक्रार केली नाही.